आशालताबाईंच्या माघारी भाऊबीज

आशालताबाई भाद्रपदात गेल्या. त्या वर्षी घरात कढई चढली नाही, तरीही भाऊबीजेच्या सकाळी किरनापूरच्या बसमधून वसंता उतरला आणि त्र्यंबकरावांच्या दारात उभा राहिला.

दोघे तिरोडीच्या खाणीवरचे बालमित्र. त्र्यंबकरावांचे वडील खाणीच्या ऑफिसात कारकून, वसंताचे खाणीत मजूर. त्र्यंबकरावांच्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत वसंता सहज बालाघाटला आला होता. आशालताबाईंना सख्खा भाऊ नव्हता. "तुमच्यात हे नसते, मले माहीत आहे," त्या म्हणाल्या होत्या, "टिळा नाही लावत. नुसतं ओवाळू द्या." वसंता पाटावर बसला तो बसलाच. वस्तीतले लोक टोमणे मारत, आपण बौद्ध माणसं, तुले काहून पाहिजे भाऊबीज? तो म्हणे, "बहिणीले नाई कसं म्हणू?" एकोणचाळीस वर्षं एकदाही चुकली नाही.

"तू कशाले आलास रे?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"आलो. घरी बसवलं नाई."

त्यानं पिशवीतून डबा काढला. दुखवट्याच्या घरी बाहेरून फराळ येतो, हे वसंताच्या बायकोला, गीताला, आशालताबाईंकडूनच कळलं होतं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा शंकरपाळे तळले होते. "कडक झाले," वसंता म्हणाला. त्र्यंबकरावांनी एक तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले.

तेवढ्यात त्र्यंबकरावांचा मुलगा चिन्मय बाहेर आला, वसंताच्या पाया पडला आणि म्हणाला, "मामा, बाबांना इंदौरला नेतोय. तुळशीच्या लग्नानंतर. घराचा सौदाही झाला."

वसंतानं मित्राकडे पाहिलं. "मले सांगतलं नाई तुनं."

"कसं सांगू? फोन उचलला की शब्दच नाई फुटत."

मग त्र्यंबकराव उठले, आतून पाट आणला, निरांजन लावलं. "बस. तिच्या घरून तुले तसाच नाई पाठवत."

वसंता बसला. त्र्यंबकरावांनी ताट उचललं, पण ते कोणत्या हातानं, कुठून फिरवायचं हे त्यांना आठवेना. इतकी वर्षं ते शेजारीच उभे होते, नीट पाहिलं मात्र कधी नव्हतं. अर्धा फेरा झाला आणि ताट मध्येच थांबलं. वसंतानं ताट हळूच काढून घेऊन जमिनीवर ठेवलं. "झालं. ओवाळलं," तो म्हणाला. त्र्यंबकराव तिथंच फरशीवर बसले आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या सून-नातीसमोर रडले.

दुपारी त्र्यंबकराव वसंताला बसस्टँडवर सोडायला गेले.

"जाऊ का नको, सांग," ते म्हणाले.

"जा. इथं एकटा काय करशील? माह्ये गुडघे असे, मी तरी कितीदा येऊन पाहू?" वसंता खिडकीतून बोलत होता. "पण तू नसलास की बालाघाटले मले कोणी नाई."

बस निघाली.

कार्तिकाच्या शेवटी त्र्यंबकराव इंदौरला राहायला गेले. सुरुवातीला फोन होत, नंतर त्यांना ऐकू कमी येऊ लागलं आणि बोलणं 'बरा आहेस ना' वर थांबायला लागलं.

पुढल्या भाऊबीजेला गीता उठली तेव्हा वसंता अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओसरीत बसला होता.

"कुठं चालले?" तिनं विचारलं.

"कुठंच नाई," तो म्हणाला.

तिनं चहा आणला आणि त्याच्याजवळ बसून राहिली.