राखेच्या रेघा

सूक्ष्मदर्शकाखालची ती पेशी अठ्ठेचाळीस मायक्रॉन लांब आणि एकोणचाळीस मायक्रॉन रुंद होती. प्रवाहाच्या दिशेशी तिचा कोन एकाहत्तर अंश. शेजारची बारा अंशांवर, तिच्या पलीकडची अठ्ठ्याऐंशीवर. मी दोनशे पेशी मोजल्या. वाट्टेल तिकडे तोंड करून बसल्या होत्या.

१९९५ चा जून संपत आला होता आणि हा माझा तेविसावा प्रयोग होता.

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना वरून वाहणाऱ्या रक्ताचं घासणं जाणवतं. प्रवाह जोराचा आणि एका दिशेचा असेल तर त्या लांबट होतात, प्रवाहाला समांतर निजतात. परदेशात हे दिसलं होतं. सांगलीत आम्ही ते हाताशी असलेल्या सामानावर करत होतो. प्रसूतिगृहातून आणलेल्या नाळेतल्या पेशी काचपट्टीवर वाढवायच्या आणि उंचावर टांगलेल्या बाटलीतून त्यांच्यावरून चोवीस तास द्रव सोडायचा. माझ्याआधी याच प्रयोगशाळेत माझी मैत्रीण राजेश्वरी हिला ते जमलं होतं. तिच्या फोटोत पेशी उसाच्या सऱ्यांसारख्या सरळ होत्या. इतका हलका प्रवाहही पेशींना वळवतो, असं तिनं प्रबंधात लिहिलं होतं. वळताना पेशीच्या आत काय बदलतं, हा माझा विषय. पण माझ्या पेशी वळतच नव्हत्या. आठ महिने झाले होते, शिष्यवृत्तीचं शेवटचं वर्ष चालू होतं.

"तुझा हात जड आहे, दीक्षा," राजेश्वरी म्हणायची. "भाकरी थापल्यासारख्या पेशी धुतेस." मग माझ्या टेबलावर चहा आणून ठेवायची.

साताऱ्याच्या कॉलेजपासून आम्ही एका खोलीत राहिलो. रहिमतपूरला माझी आई आजारी पडली तेव्हा चार दिवस माझ्या पेशी तिनंच जगवल्या. तिचं म्हणणं मी मानलं. हात हलका व्हावा म्हणून पिपेट घेऊन नुसत्या पाण्याचे थेंब सोडायचा सराव करू लागले.

तेविसाव्या प्रयोगानंतर मी बनाबाईंकडे गेले. प्रयोगशाळेची काचेची भांडी त्याच धुतात. राजेश्वरीच्या वेळी काचपट्ट्या कशा धुवायचात, एवढंच विचारलं.

"तवा राखंनं घासायची की," त्या म्हणाल्या. "चुलीतली, वस्त्रगाळ. उभ्या उभ्या घासल्या की कशा लखलख. आता ह्यो साबण आलाय. माझ्या हाताची सालं निघत्यात, काचंचा डाग न्हाई निघत."

"राख कधी बंद केलीत?"

"गेल्या श्रावणात. राजेश्वरीताईंनी काच बघितली आन् म्हनल्या, बारीक ओरखडं पडत्यात. जुन्या काचा टाकून नव्या आनल्या त्यांनी. म्हनल्या, सरांना सांगू नगा मावशी, तुमचीच नोकरी जाईल. तुमी बी सांगू नगा, आवं ताई. दोन वर्सं ऱ्हायली माझी."

श्रावणात. प्रबंध तिनं दिवाळीत दिला.

बनाबाईंकडून मूठभर राख मागून घेतली. एक काचपट्टी लांबीच्या दिशेनं घासली, धुतली, निर्जंतुक केली आणि तिच्यावर पेशी वाढवल्या. बाटली टांगली नाही. प्रवाह शून्य. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर पेशी ओरखड्यांच्या रेघा धरून ओळीत निजल्या होत्या, फोटोतल्यासारख्याच.

हे मी तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. आता शुक्रवारी राजेश्वरीची प्रबंधावरची तोंडी परीक्षा होती. रोज ठरवायचे आणि रोज तिचा चहा प्यायचे.

मंगळवारी दुपारी वीज गेली आणि द्रव वर चढवणारा पंप थांबला. राजेश्वरी माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "तुझा हात..."

"माझ्या हाताला काही झालेलं नाही. मी राखेनं काच घासून पाहिली."

ती स्टुलावर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"बनाबाईंनी सांगितलं?"

"काचेनं सांगितलं."

"मला कळलं तेव्हा निम्मा प्रबंध टंकून झाला होता. घरी माझ्या लग्नाची तारीख धरलेली. दादा सैन्यातून रजा काढून यायचा होता." मग हळू म्हणाली, "मला वाटलं, तुला जमेल. नव्या काचेवर, खरंखुरं. तुला जमलं असतं तर माझंही खरंच ठरलं असतं."

"म्हणजे मी तुझा प्रयोग करत होते."

"दीक्षा..."

"आठ महिने. आणि तू बघत होतीस."

"चहा तरी कोण देत होतं तुला?" ती हसायला गेली, पण हसू ओठांवर आलंच नाही. "शुक्रवार जाऊ दे. मग तू म्हणशील ते करू. आईनं तुला कधी परकं मानलं नाही, त्याची तरी..."

हे ती बोलेल असं मला वाटलं नव्हतं. तिच्या आईनं, मनुबाईंनी, मला चुलीपाशी बसवून जेवू घातलं होतं. ते मी प्रेम समजत होते. आज राजेश्वरीनं त्याची परतफेड मागितली.

दार उघडलं. आमचे मार्गदर्शक सर मेणबत्ती घेऊन आत आले.

"काय दीक्षाबाई, वळल्या का पेशी?"

राजेश्वरीनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीचं पान उघडून सरांसमोर ठेवलं.

"सर, राजेश्वरीच्याही प्रवाहानं वळल्या नव्हत्या," मी म्हणाले. "काचेवर राखेचे ओरखडे होते. चूक धुणाऱ्या बाईंची नाही, राख नको हे त्यांना आपण कधी सांगितलंच नव्हतं. पण ते कळल्यावर लपवलं गेलं. तिनं वर्षभर लपवलं, मी तीन आठवडे. शुक्रवारच्या आधी परीक्षकांना कळायला हवं. तुम्ही कळवणार नसाल तर मी कळवणार आहे."