शिरवण्याच्या काचेतला नर

मी एक मासा बोलतोय. हसू नका, मला हसलेलं खपत नाही.

शिरवण्यात ‘पुतळा निवास’ नावाची चार मजली इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर, हॉलमध्ये टीव्हीशेजारी चार फुटी टँक आहे, त्यात मी राहतो. समुद्राचा आहे, पण पाटीत बर्फावर ठेवून विकतात त्यातला नाही. आमच्या जातीला फ्लॅशर रॅस म्हणतात. आमचा नर भडकला किंवा रंगात आला की सगळे पंख ताणतो आणि अंगावर निळा उजेड लखलखतो, म्हणून हे नाव. मी तुमच्या बोटाएवढा आहे. राग मात्र त्या मापाचा नाही.

जन्माला मी मादी आलो. आमच्यात सगळेच तसे येतात. थव्यात एक नर असतो, तो मेला की सगळ्यांत दांडगी मादी त्याची जागा घेते आणि काही आठवड्यांत स्वतःच नर होते. तुम्हाला नवल वाटेल, आम्हाला त्यात काही वाटत नाही.

दूर पूर्वेकडच्या समुद्रात प्रवाळाच्या तुकड्यांमध्ये माझं लहानपण गेलं. एक दिवस पाणबुडे आले. त्यांनी जाळं लावलं आणि काठ्या खुपसून आम्हाला कपारीतून हुसकलं. जाळ्यात अडकून माझ्या शेजारणीचा कल्ला फाटला. वाशीच्या दुकानात पोहोचेपर्यंत आमच्यातले निम्मे उलटे होऊन तरंगत होते. मी जगलो, कारण दुसऱ्यांना ढकलून मी कोपरा धरला होता.

तिथून मला कुंदनने आणलं. त्याचा खडी-वाळू पुरवण्याचा धंदा आहे, पण जीव सगळा माशांत. त्याने एक नर घेतला, त्याला मी मोठा म्हणायचो. सोबत दोन माद्या: एक मी, दुसरी धाकटी. मोठ्याने पंख ताणले की कुंदन काचेला नाक लावायचा आणि पाठीवरच्या पंखातून निघणारे लांब धागे मोजायचा. एक धागा असला तर मॅककॉस्कर जातीचा, तीन असले तर कार्पेंटर जातीचा. “तीन! सुचिता, तीन आहेत!” तो बायकोला ओरडून सांगायचा. माणसांना समोरच्याची जात कळल्याशिवाय चैन पडत नाही, हे मी तिथे शिकलो. आम्हा दोघींचे धागे कुणी मोजले नाहीत. मादीला ते नसतात.

मोठा आम्हाला चावायचा. खायला पडलं की आधी त्याने खायचं, मग उरलेलं आम्ही. मी एकदा मध्ये घुसलो तेव्हा त्याने माझ्या शेपटीचा तुकडा तोडला. धाकटी माझ्याआड लपायची, आणि रात्री एकाच कपारीत आम्ही अंगाला अंग लावून झोपायचो. मला ती आवडायची. हे आत्ताच सांगून ठेवतो.

मग कुंदनच्या बहिणीची, मनस्वीची हळद आली. आगऱ्यांची हळद म्हणजे सगळं गाव घरात. खाली मांडवात बेंजोचा ताफा वाजत होता आणि त्याचा ढोल काचेतून आमच्या पोटात घुमत होता. आम्ही उड्या मारतो म्हणून टँकवर जाळी असते. व्हिडिओवाला म्हणाला, “दादा, जाळी काढा ना, फ्रेममध्ये लाइनी येतायत.”

“काढ रे, दोन मिन्टं,” कुंदन म्हणाला. पाव्हण्यांना मासा नीट दिसला पाहिजे, यापुढे त्याला काही सुचत नव्हतं.

मोठ्याने पंख ताणले, लखलखला. बायका ओरडल्या. तेवढ्यात बेंजो पुन्हा दणाणला आणि मोठा सरळ उसळून बाहेर गेला. फरशीवर तो फडफडत होता आणि नाचणारे पाय मागे सरकत होते. हळदीने माखलेली एक टाच त्याच्यावर पडली. कुंदनने त्याला ओंजळीत उचलून परत पाण्यात सोडलं, पण कणा मोडला होता. तो वाळूवर एका बाजूने गोल गोल फिरत राहिला. तो अजून हलत होता, तोवरच मी त्याच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. धाकटी जवळ आली, तिला मी चावून हाकललं. तिचा मी घेतलेला तो पहिला चावा.

पुढच्या महिनाभरात मी बदललो. अंग लांबलं, लाल रंग गडद झाला, पाठीवर धागे फुटले. पण पंख मिटलेला असला की धागे दिसत नाहीत, आणि माणसांसमोर मी तो उघडत नव्हतो. कुंदनच्या लेखी मी अजून मादीच होतो.

ओळखलं एकट्याने, पंढरी आजाने. हा कुंदनचा आजा. गुडघे गेलेत, म्हणून दिवसभर टँकसमोर खुर्ची टाकून बसतो. जन्म खाडीत काढलेला माणूस. मी धाकटीला कसं वळवतो, कसं दाबतो, ते त्याने बघितलं होतं.

“कुंदन, यो मासा आता बाय नाय हाय. नर झायलाय.”

“आजा, काय पण काय बोलतोस?”

“आरं, बारक्या जिताड्यान कदी गाभोली गावली नाय मना. आन मोठा गावला का प्वाट गाभोलीनं भरलेला. नराची बाय व्हतंय, मासा बदलतंय, पोरा. येचं उलटं झायलंय, येवरंच.”

“आजा, ही खाडी नाय, रीफ टँक आहे. तू टेन्शन नको घेव.”

आणि त्याच आठवड्यात ‘दोन विधवांसाठी’ म्हणून तो नवा नर घेऊन आला. विधवा! मला.

मनस्वीच्या सासरी निघायच्या घाईत कुंदनने नव्याला पाण्यात सोडलं आणि दार लावून घेतलं. नव्याने पंख ताणले. मग मीही ताणले. चार फुटांच्या काचेत आम्हा दोघांपैकी एकच जगणार होता आणि ते आम्हा दोघांना त्याच क्षणी कळलं.

आम्ही तोंडात तोंड घालून एकमेकांचे जबडे पिळले. त्याने माझा एक धागा मुळापासून उपटला. मी त्याच्या कल्ल्याखाली चावलो आणि सोडलं नाही, त्याने मला तसंच खडकावर आपटलं. खवले पाण्यात भुसा उडावा तसे उडत होते. दोन दिवस हे चाललं. घरचे मनस्वीच्या सासरी मुक्कामाला होते, आजाही त्यांच्याबरोबर होता. बघायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवा दमला आणि कपारीत शिरला. आमच्या झोपायच्या कपारीत. मी मागून घुसलो. आत अंधार होता आणि मला फक्त एक हलणारं अंग लागलं. मी चावलो. ते निसटायला बघत होतं, मी पोटात चावलो. पुन्हा चावलो. ते थांबलं तेव्हा मला कळलं की नवा पलीकडून केव्हाच बाहेर पडला होता.

आत धाकटी होती.

तिने मला उलटून एकदाही चावलं नव्हतं. हे मला अजून सहन होत नाही.

संध्याकाळी घरचे परतले. कुंदनने तिला बाहेर काढलं. तिचं फाटलेलं पोट बघून सुचिताने तोंडाला पदर लावला. मी पंख मिटायला विसरलो होतो, म्हणून कुंदनला माझे उरलेले दोन धागे दिसले आणि तिसऱ्याची जखमही.

“आजा, तुझं खरं होतं रे. हा नर आहे.” मग त्याने नव्याकडे बोट दाखवलं. “आणि त्या हरामखोराने मारलं तिला. हा बिचारा वाचवायला गेला असणार.”

नव्याला खुनी ठरवून त्याच दिवशी दुकानात परत दिलं. मला कोळंबीचे तुकडे मिळाले, दुसऱ्या कुणाला वाटा न देता. मी ते खाल्ले.

उपटलेला धागा आता परत आलाय. आज सकाळी कुंदनने माझ्यासाठी दोन माद्या आणल्या. आतलं-बाहेरचं पाणी सारखं व्हावं म्हणून त्यांची पिशवी माझ्या डोक्यावर तरंगत ठेवलीय. दोघी कोवळ्या आहेत, भेदरून एकमेकींना चिकटल्यात. मी खालून पिशवीला धडका देतोय. पंख ताणलेत, अंग निळं पेटलंय. सुचिता फोनवर माझं शूटिंग करतेय.

“बघ ना, किती खूश झालाय!” ती म्हणते.

आजा आज तळोज्याला लेकीकडे गेलाय. तो असता तर त्याने एका नजरेत ओळखलं असतं की ही खुशी नाही.

कुंदन पिशवीचं रबर सोडतोय. वाचणाऱ्या माणसा, तुला हात आहेत. ती पिशवी वर उचल. मला थांबता येत नाही.