रोडगेवाल्याची साक्ष

"अजून गोवऱ्या टाका, खुशालराव! आपले वाघ सुटून आले, पंगत जोरदार झाली पायजे!" कुलदीपने स्टेजवरून, माइकवरच हुकूम सोडला. धर्मजागर सेनेचा तो तालुकाप्रमुख. हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं.

वाघ म्हणजे जामिनावर सुटलेली पोरं. सेनेच्या मोर्चाच्या दिवशी अकोल्यातलं मुनाफभाईंचं वेल्डिंगचं दुकान पेटलं. मुनाफभाई आतच होते. दोन्ही हात कोपरापर्यंत जळाले. सेना म्हणते, दुकान आपोआप पेटलं. हल्ली दुकानं आपोआपच पेटतात, आणि तीही नेमकी निवडून!

खुशालरावांच्या पियुषलाही पोलिसांनी उचललं होतं, पण लगेच सोडलं. कारण खुद्द खुशालरावांनी ठाण्यात सांगितलं, "साहेब, माहा पोरगा दिवसभर माह्यासंग रोडग्याच्या आगीपाशी होता." तालुक्यातल्या पंगतींचे रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे कणकेचे जाड गोळे, तेच भाजत, आणि त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे.

मोर्चाच्या दिवशी त्यांची एका शेतात पंगत होती. पियुष सकाळी दिसला, तो पुन्हा दिसला थेट रोडगे राखेतून काढायच्या वेळी. पलीकडच्या आगीवर असेल, असं बाप धरून चालला. पोराच्या अंगाला धुराचा वास होता, भुवया करपल्या होत्या. दुसऱ्या कुणा बापाला शंका आली असती. पण रोडगेवाल्याच्या घरात धुराचा वास कोणाला येतो? उलट "आता शोभते माहं पोरगं!" म्हणून खुशालराव पोटभर हसले होते.

आता तोच पियुष गळ्यात हार घालून, मित्राला घेऊन आगीपाशी आला.

"काका, याचा सत्कार पयले पायजे," मित्र म्हणाला. "शटरखालून पेट्रोल यानंच वतलं. भुवया जाळून घेतल्या, पण मांगं नाई सरला!"

पियुष हसला. "बाबा, तुमच्या एका शब्दानं वाचलो."

खुशालरावांच्या हातातला चिमटा थांबला.

"मुनाफ आत हाये, माहीत होतं तुले?"

"पयले नव्हतं. मंग तो वरडला तवा..."

"मंग शटर उघडलं काहून नाई?"

पियुष हाराशी चाळा करत राहिला. मित्रच बोलला, "काका, तुमी कोणाच्या बाजूनं हा?"

खुशालरावांची तळपायाची आग मस्तकात गेली. या नालायकासाठी आपण पोलिसांपुढे छातीठोक बोललो! जन्मभर कमावलेला शब्द यांनी पोतेऱ्यासारखा वापरला, आणि वर आपल्याच हातचे रोडगे तूप ओतून खाणार! त्यांनी चिमटा राखेत फेकला आणि ते चालू लागले.

"बाबा, रोडगे जळतीन ना!"

"जळू दे."

मंडपाच्या तोंडाशी कुलदीपने वाट अडवली. एव्हाना त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. "खुशालराव, शब्द फिरवान तर पोरगं आत जाईन. लोकं गावात राहू देणार नाईत तुमाले."

"जाऊ दे आत. मुनाफ आतूनच वरडत होता नं? तवा तुमच्या वाघायले ऐकू नाई आलं?" कुलदीपला बाजूला ढकलून ते ऑटोत बसले आणि थेट ठाण्यावर गेले.

जबाब नव्याने लिहिताना हवालदाराने दोनदा विचारलं, "काका, पक्कं ना?" दोन्ही वेळा ते "हो" म्हणाले. दुसऱ्यांदा आवाज जरा मोठाच लागला.

दिवेलागणीला ते घरी पोचले. त्यांच्याआधी पोलीस येऊन गेले होते. पियुषची आई मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"माह्यासमोरून नेलं त्याले," त्या म्हणाल्या. "अन् साक्ष कोणाची? बापाची."

"मनकर्णा, मुनाफचे हात..."

"ऐकलं मी. समदं ऐकलं."

त्या उठल्या. ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि दारातली पियुषची चप्पल उचलून पदराने पुसू लागल्या. खुशालरावांनी भाकर मोडली. घास हातातच राहिला.