हिरव्या सॅटर्नमधली सुनंदा

सुनंदाबाईंनी मीठ सोडलं, त्याला आता दुसरा हिवाळा लागला होता. नंदकुमारांना केअर होममध्ये ठेवून त्या कॅनडातल्या ओकव्हिलच्या घरी परतल्या त्या संध्याकाळी त्यांनी देवापुढे निरांजन लावलं आणि म्हटलं, "हे घरी परत येईपर्यंत मीठ जिभेला लावणार नाही." एवढंच. लांबलचक मागणं मागायची त्यांना सवय नव्हती. पहाटेची आंघोळ, किचनच्या खिडकीतल्या तुळशीला पाणी, विष्णुसहस्रनाम आणि मग अळणी भाजीबरोबर एक पोळी. घसा कोरडा पडायचा, पण नेम मोडला नाही.

डॉक्टर मात्र भलतेच खूश. "मिसेस दामले, युअर बीपी इज ब्यूटिफुल!" सुनंदाबाई नुसत्या हसल्या. त्यांना काय सांगणार?

नंदकुमारांचं मन तीन-चार वर्षं आधीपासूनच थोडं थोडं निसटत चाललं होतं. आधी किल्ल्या, मग नावं, मग एके दिवशी सकाळी त्यांनी चहा घेऊन आलेल्या बायकोला विचारलं, "आपण कोण, बाई?" भर जानेवारीत ते बनियनवर बाहेर पडले आणि शेजाऱ्यांनी आणून सोडले, तेव्हा मात्र इलाज उरला नाही.

पण एक धागा शिल्लक होता, आणि तो म्हणजे गाडी.

गर्द हिरवी सॅटर्न, सत्त्याण्णव सालची. सुनंदाबाई रोज दुपारी ती घेऊन केअर होमच्या पार्किंगमध्ये शिरल्या की वरच्या हॉलच्या खिडकीशी बसलेले नंदकुमार उठून उभे राहायचे. "आमची मिसेस आली," असं सगळ्यांना सांगत सुटायचे. मारिसेल नावाची फिलिपिनो मुलगी त्यांची देखभाल करायची. ती त्यांना कोट-टोपी चढवून खाली आणायची. ते ड्रायव्हरच्या शेजारी बसायचे, दार ओढून घ्यायचे आणि रोज एकच वाक्य बोलायचे: "सुनंदा, बेल्ट लाव."

सुनंदा. अख्ख्या दिवसात हे नाव तेवढ्यापुरतं उच्चारलं जायचं. गाडीतून उतरून वर हॉलमध्ये गेलं की त्याच बाईला ते 'बाई' म्हणायचे, कधी 'सिस्टर'. चेहरा पुसला गेला होता. हिरव्या गाडीत जी बसलेली असते ती आपली बायको, एवढंच गणित उरलं होतं. म्हणून सुनंदाबाई देवाच्या खालोखाल त्या गाडीला जपत. दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. थंडीतसुद्धा कोमट पाण्यात फडकं पिळून दारं पुसायच्या.

गाडी घेतली तेव्हाची गंमत वेगळीच होती. कोथिंबिरीच्या जुडीवरही घासाघीस करणारा हा माणूस सॅटर्नच्या शोरूममध्ये गेला आणि तिथं भाव एकच. कमी नाही, जास्त नाही. नंदकुमारांनी सवयीनं जोर लावून पाहिला. सेल्समन हसून म्हणाला, "सर, इथं सगळ्यांना हाच भाव." बाहेर आल्यावर ते बायकोला म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला फसवलं नाही असं वाटतंय. चुकल्याचुकल्यासारखं होतंय गं." किल्ली घ्यायला गेले तर शोरूममधली सगळी माणसं गोळा झाली, टाळ्या वाजवल्या, दोघांना गाडीपुढे उभं करून फोटो काढला. मुंजीत बटूचा काढतात तसा. तो फोटो अजून देवघराशेजारी आहे.

नागपूरहून नणंदेचा फोन आला. "अगं वहिनी, आपण शनीला तेल वाहतो आणि तुम्ही त्यालाच दारात आणून उभा केलात?"

नंदकुमारांनी रिसीव्हर हिसकावला. "ताई, साडेसाती साडेसात वर्षांनी उतरते. माझी गाडी त्याहून जास्त टिकेल!"

टिकलीही. गाडीची दारं आणि बाजूचे पत्रे एका जातीच्या प्लॅस्टिकचे होते. पोचा म्हणून पडायचा नाही. घरी पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना ड्राइव्हवेवर नेलं जायचं. नंदकुमार दाराला गुडघ्यानं दणका द्यायचे, दार आत दबायचं आणि टुपकन बाहेर यायचं. "बघा! काही झालं? काही झालेलं नाही!" त्या वाक्याला घरात टाळी ठरलेली असायची. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात दोघं ती गाडी घेऊन पार टेनेसीला गेली. तिथल्या कारखान्यावर सॅटर्नवाल्यांचा मेळावा होता. हजारो गाड्या, हजारो माणसं, अनोळखी लोक एकमेकांना माहेरची माणसं भेटल्यासारखे भेटत होते. सुनंदाबाईंनी नेलेल्या दशम्या शेजारच्या गाडीतल्या अमेरिकन आजीनं चवीनं खाल्ल्या.

आणि दहा वर्षांनी एका संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, सॅटर्न बंद. विकत घेणारा एक जण पुढे आला होता, तोही मागे फिरला. नंदकुमार जेवण टाकून गराजमध्ये गेले आणि बराच वेळ गाडीत नुसते बसून राहिले. सुनंदाबाई शेजारी जाऊन बसल्या. "कंपनी गेली म्हणून गाडी मरत नाही," ते शेवटी म्हणाले. मग भंगारवाल्यांकडे फेऱ्या सुरू झाल्या. दिवे, आरसे, दारं, हँडलं... बेसमेंटमध्ये सॅटर्नचे अवयव रचून ठेवलेले. मुलगा परीक्षित तेव्हा म्हणायचा, "डॅड, धिस इज अ मॉर्ग."

फक्त एक गोष्ट त्यांनी केली नाही. थंडी सुरू व्हायच्या आधी शेजारीपाजारी गाडीखाली तेलाचा फवारा मारून घेत, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठानं गंज चढू नये म्हणून. नंदकुमार हसायचे. स्वतः इंजिनियर, तेही मेटलर्जीचे. "प्लॅस्टिकला कसला आलाय गंज!" दारं प्लॅस्टिकची होती, पण खालचा सांगाडा लोखंडाचा. कंपनीनं ते कधी लपवलं नव्हतं. त्यांनीच वाकून पाहिलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी गाडी मागून बसल्यासारखी दिसायला लागली आणि वळताना कण्हायला लागली. सुनंदाबाई ती जगतारच्या गराजमध्ये घेऊन गेल्या. जगतार नंदकुमारांचा जुना मेकॅनिक, या गाडीच्या वेडाला वर्षानुवर्षं हसत आलेला. त्यानं गाडी लिफ्टवर चढवली, खाली उभा राहिला आणि टॉर्च मारत पुढून मागपर्यंत दोनदा फिरला.

"क्या हुआ, बेटा?"

"आंटीजी, इधर आइए."

त्यानं स्क्रूड्रायव्हर घेऊन सांगाड्याच्या तुळईवर टेकवला. जोर असा लावलाच नाही. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि तांबडा भुगा सुनंदाबाईंच्या बुटांवर पडला. उंबर वरून लालबुंद आणि फोडलं की आत किडे, तसं. वर हिरवी दारं आदल्या दिवशी पुसलेली, आरशासारखी.

"वेल्डिंग?"

"किसको करूँ? लोहा लोहे से जुड़ता है आंटीजी, जंग से नहीं. नमक खा गया सब." तो मान खाली घालून म्हणाला, "ये गाड़ी मैं आपको वापस चलाने नहीं दे सकता. किसी दिन हाइवे पे पिछला पहिया ही अलग हो जाएगा."

नमक खा गया. सुनंदाबाईंनी बुटांवरचा भुगा झटकला नाही. दोन हिवाळे ज्याला तोंड लावलं नाही ते इथं खाली, त्यांच्याच पायाशी, चरत बसलं होतं.

संध्याकाळी व्हँकुव्हरहून परीक्षितचा फोन. "आई, इट्स अ कार. लेट इट गो. ऊबर घे ना."

"अरे, ते मला गाडीवरून ओळखतात."

पलीकडून तो हळूच म्हणाला, "आय नो, आई. मला तर तसंही नाही ओळखत."

दोघांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या ऊबरनं गेल्या. पांढऱ्या गाडीतून उतरल्या, वर पाहिलं. खिडकीत नंदकुमार होते, पण उठले नाहीत. हॉलमध्ये शेजारी जाऊन बसल्या तर ते सौजन्यानं जरा सरकले.

"बाई, तुमचं कुणी इथं आहे का?"

"अहो, मी सुनंदा."

"सुनंदा आमच्या मिसेसचं नाव. ती येईलच. हिरवी गाडी आहे तिची." आणि परत खिडकीबाहेर डोळे.

सुनंदाबाई संध्याकाळपर्यंत बसल्या. ते वाट पाहत होते आणि ज्याची वाट पाहत होते ते माणूस शेजारी मांडीवर डबा घेऊन बसलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मारिसेलनं सांगितलं, रात्री जेवत नाहीत, मिसेसला अपघात झाला असेल म्हणतात.

मग सुनंदाबाईंनी जगतारला फोन केला. भंगारात न्यायच्या आधी एकदा गाडी तिथं नेशील का? फक्त एकदा. जगतार म्हणाला, "आंटीजी, आप बोलो तो इसे कंधे पे उठा के ले जाऊँ."

शनिवारी दुपारी त्याच्या ट्रकच्या पाठीवर बांधलेली सॅटर्न पार्किंगमध्ये आली. जगतारनं ती अलगद खाली उतरवली, बाळंतिणीला उतरवतात तशी. सुनंदाबाई स्टिअरिंगमागे बसल्या. वरच्या खिडकीत हालचाल झाली. नंदकुमार उठले, दोन्ही हातांनी काच बडवायला लागले.

मारिसेलबरोबर ते खाली आले, शेजारी बसले, दार ओढून घेतलं. "सुनंदा, बेल्ट लाव."

त्यांनी लावला. बक्कल दोनदा चुकलं.

"किती उशीर! कुठं होतीस? मी म्हटलं, अपघात-बिपघात झाला की काय."

"नाही हो. आले ना."

"बरं. चल."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? घरी!" त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पूर्ण ओळखीचे डोळे, चिडके, लाडिक, पन्नास वर्षांच्या सवयीचे. "तुळशीला पाणी घालायचंय ना तुला? चल, सुरू कर."

वर्षभराहून जास्त ज्या शब्दासाठी जीभ आवरली होती तो शब्द आज त्यांच्या तोंडून आला होता. सुनंदाबाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"गाडी बिघडलीय हो. चालत नाही आता."

"काय बिघडलंय?"

"खालून... गंजलीय."

"गंजलीय? सॅटर्न?" ते हसलेच. धडपडत उतरले, बर्फाच्या चिखलात सपातांसकट उभे राहिले आणि दाराला गुडघ्यानं दणका दिला. दार दबलं, टुपकन बाहेर आलं. "बघ! काही झालं? काही झालेलं नाही!" टाळीच्या अपेक्षेनं त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. सुनंदाबाईंकडे, मारिसेलकडे, ट्रकपाशी उभ्या जगतारकडे. जगतारनं तोंड फिरवलं होतं. मारिसेलनं, बिचारीला काही कळलं नव्हतं, टाळ्या वाजवल्या.

त्याच दणक्यानं खाली कुठेतरी काहीतरी तुटलं. मागची बाजू एका अंगानं हळूच खाली बसली. नंदकुमारांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांना थंडी वाजायला लागली होती.

"आत चला," सुनंदाबाई म्हणाल्या.

"आणि घर?"

"उद्या जाऊ."

हे खोटं त्या शांतपणे बोलल्या. देवाची शपथ नसतानाही आयुष्यभर खोटं बोलायचं टाळलेली ही बाई.

जगतारनं साखळी लावली. ट्रक निघाला तेव्हा दोघं हॉलच्या खिडकीशी पोचली होती. हिरवी गाडी पाठीवर घेऊन ट्रक वळला, फाटकाबाहेर गेला, दिसेनासा झाला. नंदकुमार पाहत होते.

"कुणाची हो ती गाडी नेली?" त्यांनी शेजारच्या बाईला विचारलं.

"होती एकांची."

"छान ठेवली होती."

मारिसेल ट्रे घेऊन आली. टोमॅटोचं सूप आणि ब्रेड. सुनंदाबाईंनी आपला अळणी डबा पिशवीतून काढला. नंदकुमारांनी चमचा भरला, तोंडाकडे नेता नेता थांबले आणि या बाईकडे पाहिलं. चेहरा उतरलेला, पदराला चिखल लागलेला. त्यांच्यातला घरचा यजमान जागा झाला असावा. चमचा त्यांनी तिच्यापुढे धरला.

"घ्या ना, बाई. थंडीतून आलात."

"नो, मिस्टर नंद!" मारिसेल धावली. "शी डझन्ट टेक सॉल्ट. नेव्हर."

त्यांनी ऐकलं नाही. हात कापत होता, सूप मांडीवर सांडत होतं, पण चमचा मागे जाईना. लग्नात पहिला घास भरवताना असाच कापला होता.

सुनंदाबाईंनी मनात देवाला हात जोडले. काही मागितलं नाही. मागण्यासारखं उरलं नव्हतं. पुढे वाकून त्यांनी तोंड उघडलं.

मीठ लगेच कळलं. जिभेला, घशाला, थेट डोळ्यांपर्यंत.

"बरं आहे ना?" नंदकुमारांनी विचारलं.

"छान आहे."

"अजून घ्या. संकोच करू नका." त्यांनी वाडगाच तिच्याकडे सरकवला आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसले. "मी थांबतो. आमची मिसेस आली की आम्ही मिळूनच जेवतो."