राक्षसाची पाठ

सोलापुरात बोलपट आले, मुक्या चित्रांच्या कंपन्या बसल्या, आणि त्या वर्षी हँडलचे कॅमेरे वांग्याच्या भावानं निघाले. आमच्या गुरुसिद्धप्पानं एक उचलला. कुणाकडून, ते विचारू नका. तो तीन माणसांना तीन नावं सांगायचा आणि तिन्ही खरी वाटायची. लाकडी पेटी, पुढं भिंग, बाजूला हँडल. हँडल फिरवलं की आतली फिल्म सरकते आणि समोरचा माणूस तिच्यात अडकतो, एवढं शास्त्र आम्हाला पुरलं. आम्ही मॅट्रिकच्या वर्गात होतो. गुरुसिद्धप्पा त्या वर्गात आमच्या आधीपासून होता आणि आमच्यानंतरही राहिला, त्यामुळं पुढारी तोच.

चित्राचं नाव ठरलं ‘मायावी घोंगडं’. गोष्ट अशी की राजपुत्राला एक म्हातारी घोंगडं देते, तो त्यावर बसून ढगांवरून उडत जातो, राक्षसाला लोळवतो आणि राजकन्येला सोडवून आणतो. राजपुत्र सिदू, कारण वर्गात पायात जोडे असलेला तो एकटाच. राजकन्या चनमल्लप्पा, कारण त्याच्या बहिणीचं इरकली लुगडं तिच्यापेक्षा त्याला बरं दिसायचं. हँडल माझ्याकडे, कारण घरी जात्यावर आईला हात देऊन देऊन मला एका लयीत फिरवता यायचं.

राहिला राक्षस. तो शोधायची गरजच नव्हती. सांगोल्याकडचा धुळाप्पा पैलवान तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या तालमीत मेहनत करायचा. आई सोजरबाई आणि मेंढरं गावाबाहेरच्या माळावर, आणि हा तालमीत. दारातून आत येताना आधी तो वाकायचा आणि मग दार वाकायचं. त्याची पाठ मातीला लागलेली एकट्या सोजरबाईनं पाहिली होती, तीही तो पाळण्यात जायच्या आधी. त्या साली गड्ड्याच्या जत्रेत मिरजेच्या एका नामांकित मल्लाबरोबर त्याची जोड लागली होती. जोड लावणारे बसलिंगप्पा वस्ताद. त्यांचा नियम असा की पडलेला गडी मोठ्या जोडीला उभा करायचा नाही. एकदा पाठ लागली की माणूस पुन्हा नारळाच्या बक्षिसावरच्या किरकोळ कुस्त्यांत.

गुरुसिद्धप्पानं गोष्ट सांगितली. धुळाप्पानं ती दूध पीत पीत शेवटपर्यंत ऐकली.

“मारामारी करतो,” तो म्हणाला. “गुरगुरतो. ढगाला मेंढरं लागत्यात म्हनता, ती बी देतो. पर पाठ लावनार न्हाई.”

“अहो पैलवान, पडतो तो राक्षस. तुम्ही कुठं पडता?”

“आंग कुनाचं हाय?”

“तुमचंच की.”

“मंग पडतंय कोन?”

धुळाप्पानं तांब्या खाली ठेवला.

“हे बगा, जत्रंत हरलो तर एकदाच हरलो. मानसं घरला जात्यात, चार वर्सांनी इसरत्यात. तुमच्या ह्या पेटीत एकदा पडलो की रोज पडनार. दुपारच्या खेळाला पडनार, सांजच्याला पडनार. मी मेलो तरी पडतच ऱ्हानार की.”

आम्ही उभ्या-उभ्या मरणारा राक्षस करून पाहिला. धुळाप्पानं डोळे मिटले, मान टाकली आणि तो पाय रोवून उभा राहिला. बघणाऱ्या पोरांनी विचारलं, हा देवदर्शनाला आलाय का.

तेव्हा आम्ही आधी बाकीचं उरकलं. माळावरच्या वडाच्या खालच्या फांदीला बाज टांगली, बाजेवर घोंगडं, घोंगड्यावर सिदू. वरच्या फांदीवर मी, पेटी खाली तोंड करून. मग धुळाप्पानं बाजेखालून सगळा कळप हाकला. वरून काळ्या पाठी बघितल्या तर थेट आषाढातले ढग. एक ढग मधेच थांबून शेपूट हलवायला लागला आणि एकाला शिंगं होती, पण इतक्या उंचीवर कोण जाऊन बघितलंय. उडायच्या वेगानं सिदूला इतकी भोवळ आली, की खाली उतरवल्यावर त्यानं विचारलं, हे कुठलं गाव.

मग राक्षसाचा जेवणाचा प्रसंग. सोजरबाईनं टोपलीभर ज्वारीच्या भाकरी थापून दिल्या. राजकन्या घास तोंडाशी नेते, राक्षस तिच्या हातातली भाकरी हिसकावतो आणि घडी करून अख्खी तोंडात कोंबतो. टोपली रिकामी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की भिंगावरचं झाकण मी काढलंच नव्हतं. दुसरी टोपली आली. धुळाप्पानं तक्रार केली नाही. चनमल्लप्पानं केली, कारण त्याला दोन्ही वेळा एकही घास मिळाला नव्हता.

आता शेवटची कुस्ती उरली आणि फिल्म एका कुस्तीपुरतीच उरली. गुरुसिद्धप्पा दोन दिवस वर्गात शांत बसला, तेव्हाच मास्तरांना संशय आला होता. तिसऱ्या दिवशी तो तालमीत जाऊन म्हणाला, “पैलवान, गोष्ट बदलली. तुम्ही पडायचं नाही. तुम्ही नुसतं उठायचं.”

“उटायचं?”

“राक्षस गुहेत झोपलाय. राजपुत्र छातीला हात लावून त्याला जागा करतो. तुम्ही उठायचं, तो घाबरून मागं सरकत जाणार. बस.”

धुळाप्पानं सगळ्या बाजूंनी विचार केला. “निजल्याला मानूस उटतोच की,” तो म्हणाला. “त्यात हार न्हाई.”

माळावर येऊन तो जमिनीवर आडवा झाला. सिदूनं छातीवर तळहात टेकला. मी पेटी उलटी करून तीन पायांच्या तिकाटण्याला हातमागाच्या पट्ट्यानं करकचून बांधली.

“ती पालती का?” धुळाप्पानं पडल्या-पडल्या विचारलं.

“तुम्ही सुलटीत मावत नाही,” गुरुसिद्धप्पा म्हणाला.

धुळाप्पाला ते पटलं. खरंही वाटण्यासारखं होतं. मी हँडल फिरवलं, पैलवान धूळ उडवत उठला, सिदू मागं मागं सरकत गेला. उलट्या पेटीतली फिल्म धुऊन सुलटी जोडली, की शेवटचं आधी येतं आणि आधीचं शेवटी. राजपुत्र पुढं येतो, छातीला हात लावतो आणि राक्षस उताणा पडतो. फिल्म आम्ही पद्मशाली पेठेतल्या एका रंगखान्याच्या हौदात धुतली. तिला जी निळी झाक आली ती पुढं कधी गेली नाही. लोकांनी ती आभाळाची मानली.

जत्रेत गड्ड्यावर तंबू लावला. मागावरून उतरलेल्या कोऱ्या मांजरपाटाचा पडदा, पुढं यंत्र. यंत्रालाही हँडल, आणि दाखवून झालेली फिल्म खालच्या टोपलीत वेटोळी होऊन पडायची. पडद्याशेजारी गुरुसिद्धप्पा पत्र्याचा भोंगा घेऊन उभा. तो मराठीत सांगायचा, मग कन्नडात सांगायचा, आणि तेलुगू येत नव्हतं तिथं हात हलवायचा. दिवेलागणीला तंबू गच्च भरला. पुढच्या रांगेत तालमीची पोरं, मध्ये धुळाप्पा, एका बाजूला सोजरबाई, दुसऱ्या बाजूला बसलिंगप्पा वस्ताद. मिरजेच्या मल्लाची माणसंही आली होती. कुस्ती दुसऱ्या दिवशी होती.

घोंगडं उडालं. ढग गेले. मागून एक म्हातारा धनगर म्हणाला, “ह्यो ढग माज्या वळकीचा हाय.” भाकरीच्या प्रसंगाला लोक पोट धरून हसले. मग राजपुत्र पुढं आला, त्यानं एक हात राक्षसाच्या छातीला लावला आणि धुळाप्पा पैलवान ताडासारखा उताणा आडवा झाला.

राजकन्या सुटली याचा आनंद तंबूत एकालाही झाला नाही.

“लागली की पाठ,” अंधारातून कुणीतरी म्हणालं.

“दोनी खांदं?”

“दोनी. मी बगितलं.”

“त्या काटकीनं? एका हातानं?”

“आतनं पोकळ झाला आसंल पैलवान.”

मिरजेची माणसं हसली नाहीत, नुसती एकमेकांकडे बघत राहिली. ते हसण्यापेक्षा वाईट. वस्तादांनी पटका काढून मांडीवर ठेवला. “धुळाप्पा,” ते म्हणाले, “उद्याची जोड ऱ्हात न्हाई रे. शाळकरी पोरानं पाडल्याला गडी मी मिरजंच्या मानसापुढं उबा करू व्हय?”

धुळाप्पा उभा राहिला. त्याची सावली पडद्यावर पडली आणि पडलेला धुळाप्पा तिच्याखाली गेला. मी हँडल थांबवलं, कंदिलापुढं झाकण सारलं, नाहीतर फिल्म पेटली असती. सिदू यंत्राच्या टेबलाखाली होता. तिथं तो कधी गेला हे त्यालाही सांगता येईना.

“भाईर ये रं,” धुळाप्पा म्हणाला. “तुला काय करत न्हाई. तू पाडलं आसतंस तर पाया पडलो आसतो तुज्या.”

“हितंच पुन्ना लावा कुस्ती,” तालमीची पोरं म्हणाली. “आत्ता दावतो कोन पोकळ हाय ते.”

टेबलाचे पाय थरथरायला लागले. वस्तादांनी मान हलवली. “ह्याला हितं पाडून काय मिळतंय? ह्याला तर माजी नात बी पाडंल. पडद्यावर पडला, तर पडद्यावरच उटला पायजे.”

“वस्ताद, फिल्म संपली,” गुरुसिद्धप्पा भोंग्यातूनच म्हणाला. “नवी घ्यायची म्हटलं तर अख्खं हायस्कूल विकावं लागेल.”

धुळाप्पा यंत्राजवळ आला. त्यानं ते वरून बघितलं, वाकून खालून बघितलं, टोपलीतली वेटोळी बघितली.

“मी उटलो हुतो,” तो मला म्हणाला. “तू हुतास की तितं. मी उटलो हुतो का पडलो हुतो?”

“उठला होता.”

“मंग तुमच्या पेटीनं उटल्याला मानूस पाडला. जी उटल्याला पाडती ती पडल्याला उटवंल का न्हाई?”

मी गुरुसिद्धप्पाकडे बघितलं. त्यानं भोंगा खाली केला. “हौदु,” त्यानं कन्नडात होकार भरला, आणि मग मराठीत म्हणाला, “फिरव उलटं.”

चनमल्लप्पाला वरचं चाक हातानं गुंडाळायला बसवलं, कंदिलापुढचं झाकण काढलं आणि मी हँडल उलट्या दिशेनं फिरवायला लागलो. टोपलीतली फिल्म साप बिळात परतावा तशी वर चढू लागली. पडद्यावर सिदूचा हात छातीवर, आणि त्या हाताखालून धुळाप्पा उठला. असा उठला की पुढच्या रांगेतली दोन माणसं उठून उभी राहिली. चारी बाजूंनी धूळ उडाली.

“धुरळा बगा,” एकजण म्हणाला. “मगाशी ह्यो पडला तवा धुरळा आत गेला हुता. पडल्यावर कुटं आत जातो धुरळा?”

“व्हय की. पडलाच न्हाई ह्यो.”

लोक ओरडले, बाहेरच्या हलगीवाल्याला वाटलं कुस्ती लागली, तो वाजवायला लागला. मी थांबलो नाही. उलटं फिरवायला लागल्यावर कुठं थांबायचं ते मला ठाऊक नव्हतं. राजपुत्र मागं मागं सरकत गुहेबाहेर गेला. गुरुसिद्धप्पानं भोंगा उचलला.

“राजपुत्रानं राक्षसाचं बळ पाहिलं,” तो सांगू लागला, “आणि पाठ न दाखवता परत निघाला. थोरामोठ्यांपुढून असंच निघायचं असतं.”

मग जेवणाचा प्रसंग आला. राक्षसानं तोंडातून भाकरी काढली. अख्खी, गरम वाटावी अशी. घडी उलगडून त्यानं ती राजकन्येच्या हातात दिली. मग दुसरी काढली. भाकरीमागून भाकरी, आणि रिकामी टोपली भरत चालली. मागच्या बायका पुढं सरकल्या. त्या साली आमच्याकडे ज्वारी किती कमी पिकली होती ते त्यांना ठाऊक होतं.

“स्वतःच्या पोटातलं काढून राक्षस तिला पोसतो,” गुरुसिद्धप्पा म्हणाला. या वेळी त्याला काही रचावं लागलं नाही.

सोजरबाई पदर सावरत म्हणाली, “पोरी, ऱ्हा की तितंच. कुटं त्या जोडेवाल्याच्या नादी लागतीस?”

“राहते,” चाक गुंडाळता गुंडाळता चनमल्लप्पा म्हणाला.

ढग उलटे गेले, राजपुत्र घरी पोचला, त्यानं घोंगडं म्हातारीला परत केलं आणि ती कृतार्थ होऊन मागं मागं निघून गेली. वस्तादांनी पटका डोक्यावर चढवला.

“उटलाय,” ते म्हणाले. “जोड कायम.”

मिरजेच्या माणसांनीही मान डोलावली. त्यांना फुकटचा विजय नको होता, कुस्ती हवी होती.

दुसऱ्या दिवशी धुळाप्पाची कुस्ती उन्हं उतरेपर्यंत चालली. फडात बसलेल्यांनी दोनदा चुरमुरे आणि एकदा जेवण उरकलं, असं म्हणतात. मी फक्त चुरमुरे पाहिले. शेवटी वस्तादांनी दोघांना बरोबरीत सोडवलं. दोघांचीही पाठ कोरी. धुळाप्पाला फेटा मिळाला आणि मिरजेच्या गड्यालाही मिळाला.

त्यानंतर ‘मायावी घोंगडं’ जत्रा संपेपर्यंत तसंच दाखवलं गेलं. आधी सुलटं, राक्षस पडेपर्यंत, मग तिथून उलटं, म्हातारीपर्यंत. राजकन्येला घेऊन उडत परत यायचा भाग आम्ही डब्यातून काढलाच नाही. तो पाहायला कुणी मागितलाही नाही. पुढं अक्कलकोटचं बोलावणं आलं, कुर्डुवाडीच्या रेल्वेच्या लोकांचं आलं. धनगरांच्या वाड्यांवर तर लोक आपापल्या भाकरी घेऊन यायचे आणि राक्षसाबरोबर जेवायचे.

कुस्तीच्या दुसऱ्या दिवशीच्या खेळाला धुळाप्पा फेटा बांधून आला. पुढच्या रांगेत त्याची जागा ठेवली होती, तिथं बसला नाही. यंत्रापाशी एक डबा पालथा घालून माझ्या शेजारी बसला. मला वाटलं, हा आता माझं मनगट धरणार आणि पडायचा भाग येऊ देणार नाही. मी तयारीत होतो. राजपुत्र गुहेत शिरला तसा धुळाप्पा माझ्या कानाशी वाकला.

“पडताना सावकाश फिरव,” तो म्हणाला. “मानसांना नीट बगू दे. उटताना मातर जोरात.”