एक उदाहरण द्या

माझ्या पार्लरमध्ये एकच नियम आहे: खुर्चीवर बसून जे बोललं जातं, ते खुर्चीवरच राहतं. भुवईला दोरा लागला की डोळ्यांत पाणी येतं, आणि पाणी आलं की बायका बोलायला लागतात. कुणाची सासू, कुणाच्या छातीतली गाठ, कुणाचा लग्नाआधीचा मित्र, सगळं माझ्या पोटात आहे. मी भांडखोर आहे, माझ्या तोंडाला लागायला भाजीवालाही घाबरतो. पण आजवर एकीचं दुसरीला सांगितलेलं नाही. दोरा ओढणाऱ्या बायका काय कमी आहेत? माझं दुकान चालतं ते यावर.

पार्लर म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. केसांचे कट निवडायला तिथे एक जुना टॅब ठेवलाय, घराच्याच वायफायवर चालणारा. गॅरेजवाल्याची बायको दर आठवड्याला यायची. करून करून तिच्या भुवयांत करण्यासारखं काही उरलं नव्हतं, ती यायची त्या टॅबसाठी. तिचा नवरा रोज तिचा फोन घेऊन सगळं वरखाली बघायचा, कुणाशी बोललीस, काय बघितलंस. हातही उचलायचा. मानेवरच्या खुणा मी पावडर लावून झाकायचे आणि मनात त्याला शिव्या घालायचे.

टॅबवर ती दुसऱ्या शहरातल्या खोल्या बघायची, एकट्या बाईला भाड्याने मिळतील अशा. वकील बघायची. जाताना म्हणायची, "ताई, पुसलंत ना?" आणि मी तिच्यासमोर सगळं पुसायचे. पुसलं म्हणजे गेलं, असं आम्ही दोघी शहाण्या समजून चाललो होतो.

एका संध्याकाळी आमचे हे मॅचचा स्कोअर बघत होते. लिफ्ट दुरुस्त करतात ते, दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये लोंबकळून आलेला माणूस, एरवी घरात चकार शब्द नाही. त्या दिवशी फोन माझ्यापुढे धरला. "हे काय गं?"

'एकट्या महिलांसाठी सुरक्षित खोल्या.' खाली त्याच शहराचं नाव. त्याखाली, 'विभक्त व्हायचंय? आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.'

"जाहिरात आहे," मी म्हटलं, "जाहिराती काय, कुणालाही येतात."

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तेच. मग माझ्या फोनवर. जाहिरात आली की हे माझ्याकडे बघायचे आणि मान वळवायचे. विचारलं असतं तर भांडले तरी असते. पण खरं सांगायची सोय नव्हती, कारण गॅरेजवाला ह्यांचा जिवलग दोस्त. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही असं नाही, पण दोस्तापुढे चेहरा लपत नाही.

मी नेटवाल्यांना फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड. म्हणाली, "मॅडम, आमची नवी सेवा आहे. तुमच्या लाइनवरून कुठल्या साइट बघितल्या जातात ते आम्ही टिपतो आणि तुमच्या आवडीच्या जाहिराती दाखवतो."

"पण मी सगळं पुसलं होतं!"

"तुमच्या मशीनमधून पुसलं असेल, मॅडम. लाइन आमची आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे पोस्टमनने पाकीट फोडून वाचायचं आणि वर बाजारात जाऊन सांगायचं, ह्यांच्याकडे काय शिजतंय ते! मी म्हटलं, "बाळा, तुला विचारलं कुणी?" तर म्हणे, बिलाच्या मागच्या बाजूला छापलं होतं. बिलाची मागची बाजू वाचणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

मग मी गल्ली पिंजून काढली. प्रत्येकाकडे काहीतरी होतंच. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो, त्यांनी एकदा मूळव्याधीबद्दल वाचलं, तेव्हापासून शिकवणीला आलेल्या मुलांसमोर स्क्रीनवर मलम नाचतं. आणि सगळ्यात तापलेला कोण? गॅरेजवाला! त्याच्या बिलाच्या कॉम्प्युटरवर टकलावर केस उगवायच्या तेलाच्या जाहिराती यायच्या आणि गिऱ्हाइकं फिदीफिदी हसायची. "वहिनी, मी तुमच्याबरोबर," म्हणाला. "माणसाचं काही खासगी असतं की नाही?" बायकोचा फोन रोज तपासणारा हा बाबा! मी ओठ चावून गप्प बसले. गर्दी हवी होती मला.

सगळ्यांच्या सह्यांची तक्रार गेली, तेव्हा शेवटी नेटवाल्यांनी आम्हाला त्यांच्या ऑफिसात बोलावलं. गार खोली, एकावर एक रचता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर टाय लावलेले साहेब. बाई मुद्देसूद बोलल्या. गॅरेजवाल्याने टेबल आपटलं. साहेब हसत ऐकत होते. मग म्हणाले, "आम्ही कुणाचं नाव कुणाला देत नाही. नुसत्या जाहिराती. आणि खरं सांगू का, कर नाही त्याला डर कशाला? कुणाचं नुकसान झालं असेल तर सांगा. एक उदाहरण द्या. एक."

खोलीत चुळबुळ झाली. मूळव्याधीचं कोण उठून सांगणार? उदाहरण माझ्या जिभेवर होतं आणि तेवढं एकच मला देता येत नव्हतं. मी पदराशी चाळा करत खाली बघत बसले.

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "मी देतो." हे उभे राहिले होते. चार माणसांत तोंड न उघडणारा माणूस! "आमच्या घरात," ते म्हणाले, "एकट्या बाईसाठी खोल्या आणि घटस्फोटाचे वकील अशा जाहिराती येतात. माझी बायको असलं काही बघणारी नाही. तुमची यंत्रं चुकतात आणि आमच्या संसारात बिब्बा घालतात. हे नुकसान नाही?"

माझ्यावर विश्वास ठेवून बोलत होते हो ते. आणि मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटत होतं.

साहेब म्हणाले, "यंत्र चुकत नाही, सर. तुमच्या लाइनवरून कुणीतरी बघितलंय. घरात आणखी कोण असतं?"

"आम्ही दोघंच. हां, पुढे हिचं पार्लर आहे, तिथे बायका येतात..."

गॅरेजवाल्याने मान वळवली. आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे. कुठल्या शहरातल्या खोल्या, असं विचारायला त्याचं तोंड उघडत होतं. त्या शहरात त्याच्या बायकोची मावशी राहते, हे मला ठाऊक होतं. त्यालाही होतंच.

मी ताडकन उठले. "मीच बघितलं," म्हटलं. "पार्लरचा काही संबंध नाही. मीच शोधत होते खोली."

हे माझ्याकडे बघतच राहिले. गॅरेजवाल्याचे डोळे मात्र बारीक झाले. "वहिनी, तुम्ही? असा देवमाणूस नवरा सोडून? का बरं?"

पटेल असं काहीतरी बोलायला हवं होतं, आणि लगेच. मी तोंड उघडलं आणि ते आपोआप येत गेलं.

"देवमाणूस आहेत ना, म्हणून देवासारखेच गप्प असतात. घरी येतात, जेवतात, स्क्रीनकडे बघतात. माझी आई गेली, तर चार दिवसांनी म्हणाले, दुकान उघड, बरं वाटेल. त्यानंतर घरात आईचं नाव निघालेलं नाही. मी रडते ती दुकानात, समोरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी येतं तेव्हा, म्हणजे कुणाला कळत नाही. एक खोली असावी, आणि तिथे कुणीतरी विचारावं, बाई, तुला काय होतंय? म्हणून शोधत होते."

गॅरेजवाला ओशाळून खुर्चीत मागे रेलला. त्याला पटलं होतं. बाई उठल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "नवऱ्याआधी हे तुम्हाला कळलं, आणि तुम्ही ते विकलंत. उदाहरण पुरे, की आणखी हवं?"

साहेबांनी टाय सैल केला आणि वरिष्ठांशी बोलतो म्हणाले. पुढे ती सेवा सरसकट लावणं बंद झालं, ज्याला हवी त्याने स्वतःहून मागायची असं ठरलं. लोक माझं कौतुक करायला आले. मला मात्र कुणाच्या नजरेला नजर देववत नव्हती.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. हे पानावर बसायचे, उठायचे. टीव्ही लावत नव्हते. मी सांगून टाकू शकत होते. पण ती अजून इथेच होती, आणि हे रोज त्या दोस्ताबरोबर चहा पीत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर दोर माझ्याच हातात होता. माझा जीव तुटत होता.

मग एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, पोचले," एवढंच बोलली ती.

दुपारी गॅरेजवाला दारात. डोळे लाल. "ती इथे येत होती. काही बोलली का?"

"भुवया करायला येत होती," मी म्हटलं. "आणि माझंच मला निस्तरेना, दुसऱ्याचं कुठे घेऊन बसू?" तो गेला.

हे आत होते, सगळं ऐकलं होतं. बाहेर आले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"ती होती ना?"

"हो."

"म्हणजे तू कुठे जाणार नव्हतीस."

"नाही हो. कुठे जाणार मी?"

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला हसू आलं. सुटलो, वाटलं. चहा टाकायला वळले.

"आणि आईचं?" ते म्हणाले. "ते कुणाचं सांगत होतीस?"

माझे पाय तिथेच थांबले. खोटं बोलायची सवय झाली होती, पण आता कुणाला वाचवायचं नव्हतं.

"ते माझं होतं," मी म्हटलं. "ते सगळं खरं होतं."

ते हातांकडे बघत बसले. नखांत ग्रीस होतं, ते काढत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं, विषय काढला तर तू रडशील."

"अहो," मी ओरडलेच, "मग रडू द्यायचं होतं ना!"