निळ्यातला हिरवा

गाड्या रंगवण्यात रंगारीकाकांची चाळीस वर्षं गेली होती, पण शेवटचा शब्द बायकोचा असे. शेड घराला लागूनच. काका पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारत, ती ओल्या हातांनी दारात येई आणि मान वाकडी करून म्हणे, "अहो, हिरवट मारतोय."

"तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणत काका गुपचूप जांभळ्याचे दोन थेंब टाकत.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. तेव्हापासून काका फक्त काळ्या आणि पांढऱ्या गाड्यांची कामं घेत. का, ते कुणी विचारलं नाही.

अशात एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी वडिलांची जुनी दोन सीटची स्पोर्ट्‌स कार आणली. लाल रंगाचे पोपडे उडालेले. "बाबांनी घेतली तेव्हा निळी होती, काका. तोच निळा हवाय." काका नाही म्हणणार होते. पण चाकांवरून मागे गेलेल्या पत्र्याच्या त्या वळणावर हात फिरला आणि तोंडातून हो निघून गेलं.

पंधरा दिवस ते खरवडत होते. लाल, त्याखाली पांढरा, त्याखाली पुन्हा लाल. मूळ निळा सापडला तो पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जसाच्या तसा. मग गंज काढला, खड्ड्यांत लांबीचा लेप भरला, अस्तर मारलं, पाणी लावून घासलं. इथवर हात आपोआप चालले. घोडं अडलं ते रंगाशी. सात नमुने केले, आणि काकांना सातही एकाच माळेचे मणी दिसत होते. उन्हात, सावलीत, चष्मा लावून, काढून. सवयीनं एकदा मान दाराकडे वळली. दार उघडंच होतं.

परगावी राहणाऱ्या लेकीला फोन लावला. "बाबा, फोटो पाठवा ना, मी सांगते." पण फोटोत तिलाही सगळेच राखाडी दिसले.

शेवटी काकांनी झाकण आणि सातही पत्रे पिशवीत घातले आणि कोपऱ्यावरचं दोऱ्यांचं दुकान गाठलं. तिथला म्हातारा कापडाला दोरा जुळवण्यात पटाईत. त्यानं पत्रे उंबऱ्यावर उजेडात मांडले, क्षणभर पाहिले आणि पाचवा उचलला. "हा. बाकी सगळ्यांत हिरवं आहे."

काकांनी पाचवा पत्रा डोळ्यांजवळ नेला. "मला नाही दिसत हो," ते म्हणाले. हे त्यांनी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मोतीबिंदू असेल. दाखवून घ्या, अंगावर काढू नका." काकांना आणखी थोडं बसायचं होतं. पण गिऱ्हाईक आलं, आणि म्हातारा त्यात गुंतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडभर पाणी शिंपडून धूळ बसवली, मास्क चढवला आणि फवारणीची गन हातात घेतली. रंगाचे तीन हात, वर पारदर्शक दोन. कुठे ओघळ नाही, कुठे कण नाही. रंग कसा आलाय हे मात्र त्यांना त्या म्हाताऱ्याच्या भरवशावरच ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाई आल्या आणि गाडीभोवती हळूहळू फिरल्या. मग म्हणाल्या, "बाबा यातून शाळेत सोडायचे मला. काका, अगदी हाच." डोळे पुसून त्या गाडीत बसल्या. "या ना, एक चक्कर मारून येऊ."

"कपडे रंगाचे आहेत. सीटला लागेल," काका म्हणाले. गाडी वळणापलीकडे गेली, आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही थांबला. हो म्हणायला हवं होतं, असं गन धुताना त्यांच्या मनात आलं.

आठवड्यानं ते डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. ऑपरेशनला महिनाअखेरीची तारीख मिळाली. लेकीला तेव्हा सुट्टी मिळणार नव्हती.

"त्या दिवशी सोबत कोण येईल?" खिडकीतल्या बाईंनी फॉर्मवर पेन टेकवून विचारलं.

काकांनी मागे पाहिलं. रांगेत सगळे दोघं दोघं उभे होते.

"येईल कुणीतरी," ते म्हणाले. "ती जागा सध्या कोरी ठेवा."